पुण्याहून नागपूरला घर हलवताना: मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

नागपूरची बदली पक्की झाली हे वाचून फार बरं वाटलं. तू तीन कोटेशनं पाठवलीस आणि सर्वांत परवडणारं कोणतं, असं विचारलंस. पण ही तिन्ही एकाच कामाची नाहीत. पहिलं स्वतंत्र गाडीचं आहे, दुसरं पार्ट लोडचं, आणि तिसऱ्यात नुसती गाडी अन् हमाल. पॅकिंग तुझं तू करायचंस. म्हणून आकडे बघण्याआधी तिघांनाही विचार: कोथरूडला गाडीत चढलेलं सामान नागपूरच्या घरी उतरेपर्यंत मध्ये कितीदा गाडी बदलणार?

पार्ट लोडमध्ये सामान आधी टेम्पोने गोदामात जातं. आणखी दोन-तीन घरांचं सामान जमेपर्यंत तिथेच थांबतं, मग मोठ्या गाडीत चढतं, नागपूरच्या गोदामात उतरतं आणि पुन्हा टेम्पोने घरी येतं. म्हणजे चढवणं-उतरवणं मिळून सहा वेळा हाताळणी. स्वतंत्र गाडीत ती दोनदाच होते. सामान फुटतं ते बहुतेक या हाताळणीत आणि थप्पीत खाली दबून. रस्त्याच्या धक्क्यांनी कमी. शिवाय खोकी हरवतात तीही गोदामातच. दहा-पंधरा खोकी आणि एखादं टेबल असतं तर मीच तुला पार्ट लोड घे म्हटलं असतं. अख्ख्या टू बीएचकेला ते घेऊ नकोस. समृद्धी महामार्गामुळे स्वतंत्र गाडी साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. पार्ट लोडला आठवडाही लागतो.

गाडी किती फुटी आणि बंद बॉडीची आहे का, हे कोटेशनवर लिहून घे. छोटा हत्ती एका खोलीच्या सामानाला ठीक. टू बीएचकेला 14 फुटी लागते, पुस्तकं आणि लाकडी सामान जास्त असेल तर 17 फुटी. फोनवर 'अंदाजे' दर देणाऱ्याला नकार दे. सर्व्हेला घरी माणूस येऊ दे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर माळा, बाल्कनी, पलंगाचे कप्पे उघडून दाखव. माळ्यावरचं सामान यादीत येत नाही आणि ऐन वेळी गाडी भरून जाते. मग दुसऱ्या टेम्पोचे पैसे तुझ्या माथी. दोन्हीकडचा मजला, लिफ्ट, गेटपासून दारापर्यंतचं अंतर हेही आधीच सांग. सोसायटीची परवानगी आणि लिफ्टची वेळ तुझी तू ठरव.

तिसरं कोटेशन स्वस्त दिसतं, पण तुझं वॉर्डरोब पार्टिकल बोर्डचं आहे. ते उघडताना स्क्रू एकदा निघाला की भोकाचा भुसा होतो आणि परत बसवताना स्क्रू नुसता फिरत राहतो. हमालाकडून हे काम करून घेऊच नकोस. त्याला सुतार लागतो, आणि तो पहिल्या कोटेशनमध्ये धरला आहे का ते बघ. प्रत्येक फळीला मार्करने नंबर टाकून स्क्रू आणि मिनीफिक्स (फळ्या जोडणारे छोटे खटके) पिशवीत घालून त्याच फळीला चिकटवायला सांग. तुझं फ्रंट लोड वॉशिंग मशीनही तसंच: ड्रम अडकवणारे ट्रान्झिट बोल्ट लावल्याशिवाय हलवलं तर ड्रम आत आपटतो आणि सस्पेन्शन जातं. ते बोल्ट सापडत नसतील तर सर्व्हिस सेंटरमधून आत्ताच मागव. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून पुसून घे, गाडीत उभाच ठेवायला लाव, आणि पोचल्यावर चार-पाच तास थांबून मगच चालू कर. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी पडता कामा नये, ॲसिड सांडतं. एसी काढण्या-बसवण्याचे पैसे वेगळे असतात. गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून मगच पाइप सोडणारा तंत्रज्ञ बोलाव.

कोटेशनवरची 'इन्शुरन्स 3 टक्के' ही ओळ नीट वाच. बऱ्याचदा तो विमा नसतो, मूव्हरने दिलेला नुसता शब्द असतो. विमा कंपनीच्या नावाचं, पॉलिसी नंबर असलेलं सर्टिफिकेट गाडी सुटण्याआधी हातात यायला हवं. तू स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर भरपाई सहसा मिळत नाही, म्हणून काचसामान त्यांनाच भरू दे. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदार देतो त्या मालाच्या पावतीवर, वस्तूंची यादी आणि सामानाची किंमत लिहिलेली हवी. किंमत जाहीर केली नसेल तर कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. नुकसान झालंच तर डिलिव्हरीच्या प्रतीवर शेरा लिहून मगच सही कर. कोर्टात दावा लावायचा असेल तर त्याआधी, बुकिंगपासून 180 दिवसांत, लेखी नोटीस द्यावी लागते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागत नाही; त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस.

नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव घेऊन धंदा करणारे पुष्कळ आहेत. जीएसटी नंबर पोर्टलवर टाक; तिथलं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच असलं पाहिजे. आगाऊ रक्कम चौथ्या हिश्शाच्या वर देऊ नकोस. दर फारच कमी असेल तर सावध राहा: गाडी दारात उभी करून जादा पैसे मागायचे, तोवर सामान उतरवायचं नाही, हा प्रकार तिथूनच सुरू होतो.

स्कूटर चालवत न्यायचा विचार असेल तर समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. सामानाच्या गाडीत जागा असेल तर स्कूटरमधलं पेट्रोल काढून ती त्यातच ने, नाहीतर रेल्वे पार्सलने पाठव. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागेल. गॅस सिलिंडर मात्र गाडीत घालूच नकोस. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घे, त्यावर नागपुरात कनेक्शन मिळतं.

पहिल्या कोटेशनवाल्याला सर्व्हेला बोलाव आणि त्याने केलेली यादी मला पाठव, मी ओळ न् ओळ तपासून देतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक