तळ्यावर वल्हं मारणाऱ्यांना जागा द्या : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एखाद्या लहान तळ्यावर कयाकमधून गळाने मासेमारी करायला रीतसर परवाना द्यावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. इंजिन नसलेली, एका माणसापुरती, वल्ह्याने चालणारी नाव. मासा धरायचा आणि तिथल्या तिथे पाण्यात सोडून द्यायचा. माझ्या मते याची सुरुवात पाषाण तलावापासून व्हावी, आणि रामनदी जिथे तलावात शिरते त्या टोकाशी निदान नोंदीसाठी जाता यावं.

आपल्याकडे तळं म्हटलं की दोनच गोष्टी सुचतात. कुंपण घालून ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी लावायची, नाहीतर ठेका देऊन पॅडलबोटी, कारंजं आणि रंगीत दिवे आणायचे. पाण्याखाली काय चाललंय याची खबर दोन्हीकडे कोणालाच नसते. पुण्याला पाण्याचं वावडं कधीच नव्हतं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी खेळवलं. दख्खनच्या महाशीर माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केलं, ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. दापोडीच्या लष्करी केंद्रात घडलेला दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला वल्हं मारून आला. अशा शहरात सामान्य माणसाला मात्र काठावर उभं राहून फोटो काढण्यापलीकडे पाण्याशी काही करता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कयाक आपण जवळून पाहिली नसेल तर थोडक्यात सांगतो. मासेमारीसाठी वापरतात ती दहा-बारा फुटांची, जाड प्लास्टिकची, वर बसायची. आतून बंद आणि पोकळ असल्यामुळे उलटली तरी तिच्यात पाणी भरत नाही. वीत-दीड वीत पाण्यातही ती चालते. आवाज नाही, धूर नाही, तेलाचा तवंग नाही. जिथे मोटरबोट जाऊच शकत नाही आणि काठावरून नजर पोचत नाही, अशा पाणगवताच्या कडेला ती अलगद जाऊन थांबते. मी हे पवना आणि मुळशीकडे करतो. शहरातल्या तळ्यांवर करता येत नाही, आणि नेमकी तिथेच त्याची जास्त गरज आहे.

तळ्याची तब्येत ओढ्याच्या तोंडाशी कळते. ओढा आत शिरतो तिथे पाण्याचा रंग बदललेला दिसतो, वल्ह्याला फेस चिकटतो, निर्माल्याच्या पिशव्या गवतात अडकलेल्या असतात. रामनदी खाटपेवाडीकडच्या डोंगरातून निघते तेव्हा स्वच्छ असते. बावधन ओलांडून तलावाशी येईपर्यंत वाटेतलं सांडपाणी तिच्यात मिसळलेलं असतं. त्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसते. तिने पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही आणि पाण्यातला प्राणवायू घटतो. रात्रभर वनस्पती आणि कुजणारा गाळ उरलासुरला प्राणवायू वापरत राहतात, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. तेव्हा मासे तोंड वर काढून पृष्ठभागाशी हापापताना दिसतात. मेलेल्या माशांचा खच काठाला लागला की बातमी होते आणि यंत्रणा धावते, पण त्याआधीच्या कित्येक पहाटा हे चाललेलं असतं. सकाळी सहाला पाण्यावर असलेला गळवाला ते पहिल्या दिवशी पाहील.

गळाला काय लागतं यावरूनही पाणी कळतं. जिथे सतत चिलापीच येते आणि खवल्यासारखे इथले मासे दिसेनासे होतात, तिथे काहीतरी बिघडलंय हे समजावं. चिलापी १९५२ मध्ये बाहेरून देशात आणली. घाणीत तगते आणि भराभर वाढते. आफ्रिकन मांगूर तर त्याहून वाईट. २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी तो आपल्या पाण्यात सापडतो. हवेतून श्वास घेत असल्यामुळे तो अशा पाण्यातही जगतो आणि समोर येईल ते खातो. परवानाधारकांनी सापडलेल्या प्रत्येक माशाची जात, लांबी आणि जागा लिहून दिली, तर वर्षभरात महापालिकेच्या हाती आयती नोंद जमेल.

आता मरळीबद्दल, कारण तिच्यामुळेच मला नियम कडक हवे आहेत. पावसाच्या सुरुवातीला मरळ पिल्लं घेऊन फिरते. शेकडो लालसर पिल्लांचा झुबका पाण्याच्या वरच्या थरात सरकत असतो आणि पिल्लं श्वासासाठी वर आली की तेवढ्याच जागी पाऊस पडल्यासारखी तडतड होते. खाली अर्ध्या हातावर मोठी मरळ राखण करत असते. त्या झुबक्यावर रबरी बेडूक फेकला की ती झेपावते, भुकेने नव्हे, पिल्लांच्या रक्षणासाठी. ती काढून घेतली की चिलाप्या आणि खंड्ये तासाभरात तो झुबका फस्त करतात. हे ठाऊक असूनही असा गळ टाकणारे लोक आहेत. म्हणून जून ते सप्टेंबर मासेमारी पूर्ण बंद ठेवा. बाकीच्या महिन्यांतही उलटा काटा नसलेला एकेरी गळ, ओल्या हातानेच मासा धरणं आणि लगेच सोडणं या अटी हव्यात. सांडपाणी थांबत नाही तोवर त्या पाण्यातला मासा कोणी खाऊही नये.

पक्षीमित्र या मागणीला विरोध करतील आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. हिवाळ्यात थापट्या बदकं येतात, वारकरी पक्षी आणि हळदीकुंकू बदकं तर आहेतच, त्यांच्यात कयाक घुसली तर थवा उठणार. तेव्हा दलदलीचं आणि पाणगवताचं टोक बोयांची रांग लावून बारा महिने बंद ठेवा. रामनदीच्या मुखाशी फक्त नोंदीसाठी, ठरवून दिलेल्या दिवशी जाऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उरलेल्या पाण्यातही एका वेळी मोजक्याच कयाक असाव्यात. हद्द कुठे आखायची ते पक्षी निरीक्षकांना ठरवू द्या, आम्ही ती पाळू. पक्ष्यांचा खरा घात करतात ती टाकून दिलेली नायलॉनची जाळी, आणि गवतात अडकलेली ती जाळी बाहेर काढायला कयाकइतकं सोयीचं साधन नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून मांडतो. जिथे भोई बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत, तिथे आधी त्यांच्याशी बोला. टायरच्या ट्यूबवर बसून जाळं टाकणाऱ्या माणसाला त्या पाण्याचा तळ आम्हा हौशी लोकांपेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असतो. परवाना शुल्कातला वाटा त्यांना मिळावा, वाटाडे आणि राखणदार म्हणून पगारी काम मिळावं. हौसेखातर कोणाच्या पोटावर पाय येणार असेल तर मला ही परवानगी नको.

लाइफ जॅकेट सक्तीचं करा, पोहता येण्याची चाचणी घ्या, वळवाचं आभाळ भरून आलं की पाणी रिकामं करण्याचा अधिकार राखणदाराला द्या. एकदा एका तळ्यावर मला रखवालदाराने परत पाठवलं. त्याचा काही दोष नव्हता. परवानगी कोणाकडे मागायची हे त्यालाही सांगता आलं नाही. निदान अर्ज कुठे करायचा, ती खिडकी तरी ठरवा.

येत्या ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत एकाच तळ्यावर, वीस परवान्यांपुरता हा प्रयोग करून पाहा. त्या काळातल्या नोंदी दर महिन्याला उद्यान आणि पर्यावरण विभागाकडे जातील, आणि पक्ष्यांना किंवा भोई बांधवांना त्रास झाल्याचं दिसलं तर परवाने तिथेच रद्द करावेत. निर्णयाआधी आपण किंवा आपले अधिकारी एका पहाटे सोबत पाण्यावर येणार असाल, तर दोन माणसांची कयाक आणि जॅकेट मी घेऊन येईन.

आपला,
पाषाणमधील एक रहिवासी