राजीनामा नको, आधी रजेचा अर्ज

मा. संपादक,

पंचेचाळिशी ओलांडली की 'सगळे सोडून रानात जाऊन राहावे' असे वाटणारी दोन-चार माणसे मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत सापडतात. हे खूळ आजचे नाही. आपेगावचे विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले. बायकोचा होकार, म्हणे, तिचे लक्ष नसताना घेतला होता. गुरूंनी परत पाठवले आणि त्याचे भोग चार लेकरांच्या वाट्याला आले. जाणाऱ्याने जरूर जावे, पण कागद नीट करून.

सर्वांत महाग पडतो तो एक शब्द. वैतागून साहेबांच्या टेबलावर 'राजीनामा' ठेवला की महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ४६ लागतो आणि मागची सगळी सेवा बाद होते. त्याच कागदावर 'नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्ती' असेल, अर्हताकारी (म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा २० वर्षे भरलेली असेल आणि तीन महिन्यांची नोटीस असेल, तर पेन्शन शाबूत. नोटीस नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे लिहावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. मन बदलले तर माघारीचा अर्ज मुदत संपण्याआधीच द्यावा लागतो. नोटीस देण्याआधी सेवापुस्तक मागून पाहावे. वैद्यकीय दाखल्याविना घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा, बदलीच्या वेळी राहून गेलेली सेवा पडताळणी, अशा कारणांनी तोंडी 'वीस' सांगितलेली वर्षे कागदावर एकोणीसच भरतात. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचा हिशेबच निराळा. त्यांनी आपण कोणत्या पेन्शन योजनेत आहोत हे लेखी विचारून घ्यावे.

त्यापेक्षा आधी रजा टाकावी. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठते. (गुरुजींना उन्हाळ्या-दिवाळीची सुट्टी असल्याने त्यांच्या खात्यावर ती फारशी नसते.) सोयाबीन साधारण शंभर दिवसांत निघते. म्हणजे पेरणीला रजा घेतली तर रास होईपर्यंत शेतीची हौस खरी किती ते कळते. एकरी ३० किलो बियाणे, खत, दोन-तीन फवारण्या, खुरपणी, काढणी, मळणी. सहा क्विंटल उतार धरला, तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने एकरी ३२ हजारही होत नाहीत, आणि खर्च यातूनच जायचा. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत. मग मोंढ्यात पडेल तो भाव.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' वाचावेत. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. वीस वर्षे भावाने कसलेल्या रानात अचानक बिऱ्हाड घेऊन गेले की पहिले भांडण बांधावरच होते. एकमत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी होते. रानात राहायला जाण्याआधी ती करून घ्यावी.

आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच जीव लागत नाही, असे असेल तर अर्ज कसलाच लिहू नये. थायरॉइड, बी-१२, साखर तपासावी. बायकांनी पाळी जाण्याच्या काळाविषयी डॉक्टरांशी बोलावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे.

– एक सेवानिवृत्त आस्थापना लिपिक, परभणी