कोथरूडच्या कामाबद्दल आलेल्या फोनविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कोथरूडचे, आजारी आजींना सांभाळायचे काम चालून आले असताना मी फोनवरच अटी घालत बसले, असे दादाने तुम्हाला कळवले आहे. बाबा, ते ऐकून तुमच्या जिवाला घोर लागला असेल, म्हणून प्रत्यक्षात काय बोलणे झाले ते सविस्तर लिहीत आहे.

त्या घरी कायम असणाऱ्या ताई मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गावी जाणार आहेत आणि तेवढ्यापुरते बदलीवर कोणी हवे म्हणून घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोने माझा नंबर दिला होता. आजींची उजवी बाजू अर्धांगवायूने लुळी पडली असून वाचाही गेली आहे. मुलगा न्यू जर्सीत असतो, मुलगी ठाण्याला. फोन रात्री साडेनऊला आला तेव्हा तिकडे दुपारचे बारा वाजले होते. मुलगी आजींजवळ येऊन राहिली होती आणि दोघे भावंडे एकाच वेळी बोलत होती.

पहिला प्रश्न कामाचा नव्हताच. "तुम्ही कोणाच्यात?" असे आजींच्या मुलीने अगदी गोड आवाजात जात विचारली. मी जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाची देखभाल करण्याचा, कोर्स केल्याचे सांगितले आणि आजींना गिळायला त्रास होतो की नळीने अन्न द्यावे लागते, असे उलट विचारले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा मात्र मी स्पष्ट म्हणाले की याचे उत्तर मी देणार नाही आणि निवड त्यावरच करायची असेल तर ब्युरोकडे दुसरे नाव मागावे. भाऊ ओशाळले. आई, तू म्हणशील, सांगून टाकले असते तर काय बिघडले असते? पण जे घर आज हे विचारते, ते उद्या माझा कप वेगळा ठेवते; तो कप उचलण्यापेक्षा फोनवरचा अवघडलेपणा मला परवडला.

पुढे तर पगार कोणी द्यायचा यावरून त्या दोघांतच जुंपली. परक्यांच्या घरच्या भांडणात आपण काय बोलणार, म्हणून मी गप्प राहिले. पण स्पीकर चालू होता आणि आजी त्याच खोलीत असल्याचे कळल्यावर मला राहवले नाही. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नसते, उरलेले बोलणे बाहेरच्या खोलीत जाऊन करू या, असे मी सुचवले. त्यानंतर दोघांचाही सूर बदलला. खरी मुलाखत तिथून सुरू झाली असे मला वाटते, कारण लुळ्या हाताची बाही आधी चढवायची आणि काढताना शेवटी काढायची, चाकाची खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, हे त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले.

चोवीस तास राहण्याला मी नकार दिला. आजींना स्वतःहून कूस बदलता येत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा साधारण दर दोन तासांनी त्यांना वळवावे लागते आणि एकच माणूस दिवसा सगळे करून रात्रीही जागे राहू शकत नाही. म्हणून मी सकाळी आठ ते रात्री आठ, आणि रात्रीला दुसरी बाई, असे ठरले. साखर पाहून इन्शुलिनचे प्रमाण मीच ठरवावे, असे भाऊंचे म्हणणे होते. डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय मी त्याला हात लावणार नाही, असे मी सांगितले. खोलीतल्या कॅमेऱ्याला माझी हरकत नाही, मात्र आजींना पुसून घेताना आणि कपडे बदलताना तो झाकला जाईल. आजींचे कपडे-भांडी मी करेन, घरभराची धुणीभांडी नाही. पैसे महिनाअखेरीऐवजी दर आठवड्याला मिळतील.

बाबा, गरजवंताला अक्कल नसते असे तुम्ही नेहमी म्हणता, आणि पैशाची गरज मलाही आहे. पण बदलीच्या कामात आधी बोलून न घेतलेले प्रत्येक काम पहिल्याच आठवड्यात आपल्या अंगावर पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या ताईंनी हे सगळे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले. त्यामुळे काम लांबले म्हणाल, तर एका दिवसाने.

कायमच्या ताई रविवारी मला आजींच्या सवयी दाखवणार आहेत आणि सोमवारपासून मी रुजू होईन. कामाच्या वेळेत फोन पर्समध्येच असतो, तेव्हा रात्री साडेआठनंतर फोन करा.

तुमची लेक