कोरोनात शाळा सुटलेल्या मुली कोणत्या रकान्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की सगळ्याच वर्तमानपत्रांत साखर उतारा, एफआरपी (उसाचा किमान दर) आणि ऊसदर आंदोलनाच्या बातम्या येऊ लागतात. ऊस तोडणारी माणसं बातमीत येतात ती बहुधा ट्रॅक्टर उलटला तरच. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूपबंद होतात. कुणी सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. त्या घरांतल्या मुलींबद्दल हे पत्र आहे. कोरोना आला आणि गेला असं सगळे म्हणतात; आमच्याकडे त्याचा हिशेब अजून कुणी मांडायलाच घेतलेला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमची माणसं उसाच्या फडातच होती. साखर अत्यावश्यक, म्हणून कारखाने चालू आणि तोडणीही चालू. सगळा देश घरात बसलेला असताना ही माणसं पहाटे चारला कोयता घेऊन निघत होती. १७ एप्रिलला सरकारने त्यांना गावी परतायची परवानगी दिली, तीही वैद्यकीय तपासणी आणि कारखान्याच्या यादीसह. गावात पोचले तर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. कुणी शेतात पाल ठोकून राहिलं, कुणाला आमच्या शाळेच्या खोल्यांत ठेवलं. गावाने आपल्याच माणसांना असं वेशीवर अडवलं, याचा राग मला आजही आहे. पण खरं नुकसान झालं ते पुढच्या हंगामात.

आमच्याकडे 'हंगामी वसतिगृह' म्हणून एक योजना आहे. नाव वसतिगृह असलं तरी मुलं राहतात आजी-आजोबांकडेच. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्यांना सहा महिने दोन वेळचं जेवण मिळतं. ऊसतोड कामगाराचं मूल गावात थांबणार की फडावर जाणार, हे त्याच्या हुशारीवर ठरत नाही. दोन वेळची भाकरी कोण थापणार, यावर ठरतं. २०२० च्या दिवाळीला शाळाच बंद, त्यामुळे आमच्या गावचं वसतिगृह सुरू झालं नाही. पोषण आहाराचा कोरडा तांदूळ-हरभरा आम्ही घरोघर वाटला. तो शिजवायला घरात होती कंबरेत वाकलेली आजी. त्या वर्षी दरवाढीसाठी तोडणी कामगारांचा संप होता. २७ ऑक्टोबरला १४ टक्के वाढ ठरली आणि लगेच ट्रक भरायला लागले. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरला उघडले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारीला. तोवर आमची पोरं फडावरच्या कोप्यांत (झोपड्यांत) पोचून दोन-तीन महिने झाले होते.

'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं तेव्हाचं घोषवाक्य होतं. सह्याद्री वाहिनीवर तास होत. कोपीत टीव्ही कुठला? मोबाइल एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप उसाच्या गाडीबरोबर कारखान्याच्या रांगेत. तरीही मी व्हॉट्सअॅपवर गणितं पाठवायची. रात्री दहा-अकराला कधीतरी एखादा फोटो यायचा. सातवीतल्या एका मुलीने वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीमागे अपूर्णांकांचे गुणाकार सोडवून पाठवले होते. सगळे बरोबर. अक्षर मात्र वेडंवाकडं, कारण दिवसभर मोळ्या बांधून बोटं सुजलेली. फेब्रुवारीनंतर तिचे फोटो यायचे बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

हे लग्न का झालं, हे शहरातल्या वाचकांना नीट सांगायला हवं, नाहीतर 'अडाणी लोक' म्हणून पान उलटलं जाईल. आमच्याकडे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर. त्यामुळे मुलाचं लग्न लागलं की सासरच्या घरात एक पूर्ण कोयता वाढतो. मुलीच्या आईबापाचा हिशेब वेगळा. शाळा चालू असली की मुलगी गावात आजीजवळ थांबू शकते. शाळा बंद पडली की तिला बरोबर नेणं आलं. एका आईने मला विचारलं होतं, "म्याडम, आम्ही अंधारात फडात जाणार. कोपीला दार नसतंय. पोरगी कुणाच्या जिवावर ठिवू?" मी जिला बालविवाह प्रतिबंधक कायदा समजावून सांगायला गेले होते ती हीच बाई. कायदा तिला माहीत होता. मी तिला दार देऊ शकत नव्हते.

त्यात कोरोनाने लग्न स्वस्त केलं. आधी पन्नास, मग एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसांची मर्यादा आली. एरवी लेकीच्या लग्नाला पाच वर्षांची उचल लागते. इथे मांडव नाही, बँड नाही, मानपान नाही, पंगत नाही; घरातल्या घरात अक्षता टाकून मोकळे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि तो त्या काळात विलगीकरण आणि सर्वेक्षणात अडकलेला. काही लग्नं तर गावातही लागली नाहीत. कारखान्याच्या गेटवर, फडाच्या बांधावर उरकली. त्यांना आमच्याकडे 'गेटकेन' म्हणतात.

आकडे हवेत तर एक आकडा सगळ्या भाषणांत येतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २१.९ टक्के. पण महाराष्ट्रात त्या फेरीचं काम २०१९ मध्येच उरकलं होतं. म्हणजे तो आकडा कोरोनाच्या आधीचा आहे. ज्या मुलींविषयी मी लिहिते आहे त्या त्यात नाहीतच.

शाळेच्या दप्तरात तरी आहेत का? आहेत, पण वेगळ्याच रूपात. तेव्हा आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नव्हतं, त्यामुळे त्या दोन वर्षांत नावं आपोआप वरच्या वर्गात चढत गेली. २०२१ ची दहावीची परीक्षाच झाली नाही. राज्याचा निकाल लागला ९९.९५ टक्के. आमच्या भागातल्या कित्येक मुली पास झाल्याचं त्यांना सासरी कळलं. जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं, आम्ही शिक्षक दारोदार फिरलो. पण जुलैत ही कुटुंबं गावातच असतात, मूल अंगणात खेळताना दिसतं, नाव पटावर असतं. लग्न झालेल्या मुलीपुढे आपण काय लिहितो? 'स्थलांतरित'. सासरी गेली म्हणजे स्थलांतरच की! रकाना खोटा नाही, माहिती खोटी नाही, आणि शाळाबाह्य मुलांचा आकडा शून्याजवळ.

मुलींचं सांगताना एका घराबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या लाटेत आमच्या शेजारच्या वस्तीवरचा एक तोडणी कामगार गेला. वय चाळिशीच्या आत. त्याची उचल फिटलेली नव्हती. दशक्रिया विधी झाला आणि मुकादमाचा माणूस दारात. तो सावकारी थाटात आला नव्हता, हेही सांगते. त्यानेही कुणाकडून तरी पैसे उचललेले. त्या कामगाराच्या बायकोला सरकारचे पन्नास हजार सानुग्रह अनुदान मिळालं. हा पैसा मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, आणि तिच्या नवऱ्याच्या कागदांत चाचणीचा अहवाल होता म्हणून. ज्यांचा अहवालच नव्हता त्यांचं काय झालं, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. तर ते पन्नास हजार उचलीत गेले, आणि तरीही बाकी राहिली. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मग तिने तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेतलं. आई आणि मुलगा मिळून एक कोयता झाला. तो मुलगा माझ्या वर्गात पाढे सगळ्यांच्या आधी म्हणायचा. आता तो मोळी खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. आई खालून बघत असते. बाप गेला, मुलाची शाळा गेली, घर मात्र शासकीय भाषेत 'लाभ दिलेलं कुटुंब' आहे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, ही चांगली गोष्ट झाली. संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहं सुरू झाली, तीही. मी निराशेचं पत्र लिहीत नाही. पण हे सगळं आता जन्माला आलेल्या पोरांसाठी आहे. २०२० मध्ये जी मुलगी सातवीत होती ती आज अठरा ओलांडलेली, कडेवर मूल घेऊन फडात उभी आहे. बालकांच्या योजनेत ती बसत नाही, कारण ती सज्ञान आहे. एकल महिलांच्या योजनेत बसत नाही, कारण तिला नवरा आहे.

म्हणून माझं मागणं मोजकं आहे. हंगामी वसतिगृहाची मंजुरी गाड्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आत मिळावी. ती दिवाळी उलटल्यावर येते तेव्हा जेवायला उरतात शिक्षकांचीच मुलं. दुसरं, २०२० ते २०२२ या दोन हंगामांत सहावी ते दहावीच्या पटावर असलेल्या ऊसतोड कुटुंबांतल्या प्रत्येक मुलीची आजची स्थिती गावनिहाय नोंदवा. हे काम उन्हाळ्यात होऊ शकतं. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याकडे प्रत्येक बाळंतिणीची नोंद आहेच, शाळेचा जुना पट त्या नोंदीशेजारी ठेवला की झालं. मात्र हे काम त्यांच्या गळ्यात फुकट मारू नका. २०२१ च्या जूनमध्ये आशांना पैशासाठी संप करावा लागला होता, ते पुरे.

तिसरं, ज्यांना शिकायचं आहे त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसता येतं. माझ्या ओळखीच्या काही मुलींना ते हवं आहे. पण दहावीची परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन तोडणीत. जून-जुलैत पुरवणी परीक्षा होतेच. या मुलींना तेव्हा बसवण्याचं नियोजन करावं, केंद्रावर लहान मुलं सांभाळायला अंगणवाडीची एक खोली द्यावी. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो माहेरच्या गावी, आधारवर नाव सासरचं, आणि जन्मतारखेच्या घोळाला प्रतिज्ञापत्र. सासूला न दुखावता यासाठी तीन चकरा मारणं एकोणीस वर्षांच्या सुनेला जमत नाही. आमच्या शाळेतून असा दाखला मागेल त्या दिवशी देतो, मुलगी स्वतः आली नाही तरी तिच्या आईच्या हाती. प्रतिज्ञापत्राचं आणि आधारचं काम तालुक्याने गावात येऊन करावं, आणि ते अक्षय तृतीया ते पोळा या दरम्यान करावं. त्यानंतर या मुली सापडायच्या नाहीत.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
शिरूर कासार, जि. बीड
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)