आत्याचा कॅमेरा जिवंत करणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

आत्याच्या आग्फा इझोलेट कॅमेऱ्यावर काढलेल्या रोलच्या निगेटिव्ह हातात आल्या. बारा चौकटी, बहुतेकींत आत्याच, आणि तिच्या पापण्या मोजाव्यात इतक्या लख्ख. फोनवर बोलता आलं नसतं, गळा दाटून आला असता. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे हा कॅमेरा गेला त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. एकाने न उघडताच ‘शोकेसमध्ये ठेवा’ म्हणून परत दिला. दुसऱ्याने घट्ट बसलेली फोकसची रिंग पकडीने पिरगाळली. आतलं हिरवं ग्रीस वाळून डिंकासारखं झालं होतं. पुढची काच मधल्या काचेलाही सोबत घेऊन फिरली आणि फोकस पार बिघडला. वर पैसे घेऊन सांगितलं, ‘लेन्स गेली.’

लेन्स कुठेही गेली नव्हती. तुम्ही लायटरचं पेट्रोल थेंबाथेंबाने सोडलंत आणि ग्रीस सुटेपर्यंत थांबलात. मग शटर ‘बी’वर उघडं ठेवून, फिल्मच्या जागी धुरकट चिकटपट्टी ताणून, दूरचा मनोरा तिच्यावर स्पष्ट उमटेपर्यंत पुढची काच फिरवलीत, आणि तिथेच रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या, खुणेवर कसलीत.

पण मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. बेलोजला, म्हणजे लेन्समागच्या घड्याघड्यांच्या भात्याला, रंग लावण्याआधी तुम्ही खोलीत अंधार केलात, आत टॉर्च पेटवलात आणि कॅमेरा माझ्या हातात दिलात. ‘बघा,’ एवढंच म्हणालात. घड्यांच्या कोपऱ्यांवर उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसत होते. तोवर सगळ्यांनी मला निकाल ऐकवला होता, दोष कुणी दाखवला नव्हता. काळ्या रंगाने ही भोकं बुजतील, पण घडी पडून पडून कोपरे पुन्हा चिरतील, शेवटी बेलोज बदलावाच लागेल, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

हातात कसब असलेली माणसं भेटतात, काका. पण समोरच्याला त्याच्याच वस्तूबद्दल समजून घ्यायचा हक्क आहे असं मानणारी फार थोडी, मग तो डॉक्टर असो की गवंडी. तुमच्याकडे येऊन गेल्यापासून मी प्रत्येकाला ‘दाखवा मला’ असं बिनधास्त म्हणायला लागले आहे.

प्रिंट तयार झाले की आत्याला घेऊन येते. तुम्हाला भेटायचं म्हणून ती हटून बसली आहे.

तुमची ऋणी,
कॅमेरावाल्या आत्याची भाची