साइट बंद नाही, घड्याळ चुकलंय

महोदय,

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आली की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि ‘साइट उघडत नाही’ ऐकून पोरं माघारी जातात. मी नवी पेठेत संगणक दुरुस्त करतो. पुष्कळदा साइट ठणठणीत असते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख बघा, भलत्याच सालातला जानेवारी दिसेल. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं ठरावीक मुदतीचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध वाटतं आणि तो पान अडवतो.

मदरबोर्डवर, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. रोज रात्री मेन स्विच बंद करणाऱ्यांचा तो लवकर संपतो. संगणकाची विजेची पिन काढून सेल बदला, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख-वेळ भरा, झालं. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर मात्र सेलला हात लावू नका, टाइम झोन तपासा.

चार-दोन मिनिटांची चूक वेगळी. घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तोही साधारण २५ अंशांना नेमका. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तो मागे पडणारच. त्यासाठी इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू ठेवावी. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ सर्व्हरवरून पुरवते.

दुकानदारांनो, कृपा करून पोरांना परत पाठवण्याआधी तो कोपरा एकदा बघा. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो.

– एक संगणक दुरुस्ती कारागीर, सोलापूर