ठरल्या दिवशी न आलेल्याला जुना भाव कशासाठी?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या वस्तूंच्या व्यवहाराविषयी कालच्या अंकात आलेले पत्र रात्रपाळीवरून आल्यावर वाचले आणि मग झोप लागली नाही. ठरल्या दिवशी गिऱ्हाईक येऊ शकले नाही म्हणून मालकाने भाव वाढवणे हा निव्वळ लोभ आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. ठरल्या दिवशी गिऱ्हाईक सोफा घ्यायला आले नाही आणि नंतर मालकाने त्याला वाढीव भाव सांगितला, एवढीच ती हकीकत, मी ती जास्त उगाळत नाही. पत्रलेखक वयाने मोठे दिसतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण सबंध पत्रात सोफ्याच्या मालकाचा रविवार कसा गेला असेल, याबद्दल एक ओळही नाही. गिऱ्हाईक 'येऊ शकले नाही' एवढ्यावर त्याची सुटका, आणि मालक मात्र लोभी. हा न्याय मला मान्य नाही.

मी नुकतीच माझी २०१४ ची वॅगनआर विकली. आपल्याच दैनिकात छोटी जाहिरात दिली होती, किंमत २ लाख १० हजार. एका गृहस्थाचा फोन आला. ते म्हणाले, "भाऊ, रविवारी अकराला येतो, पूर्ण रक्कम घेऊन येतो. गाडी बघून पसंत पडली की तिथेच कागदांवर सह्या करू. तेवढा भाव कमी करा." या बोलण्यावर मी १५ हजार सोडले आणि रविवारी आलात तर १ लाख ९५ हजारांत देतो, असे सांगितले. हे १५ हजार मी कशासाठी सोडले, ते पत्रलेखकांनी नीट समजून घ्यावे. व्यवहार रविवारीच संपेल, पैसे तुकड्यातुकड्यांनी येणार नाहीत, ड्युटी सांभाळून अनोळखी लोकांचे फोन घेत बसावे लागणार नाही, यासाठी सोडले. हजार रुपये टोकन पाठवा, असेही मी सुचवले होते. त्यावर "माणसाच्या शब्दावर विश्वास नाही का?" असे त्यांनी मलाच विचारले. मी विश्वास ठेवला.

जुन्या गाड्यांना ती नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्याच गाड्यांना ती सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. "आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओत काम अडेल," असे याच गृहस्थांनी सांगितले म्हणून मी धावपळ करून बसवून घेतली. त्याच आठवड्यात विम्याची मुदत संपत होती. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि गिऱ्हाईक चक्कर मारून बघणारच, म्हणून विमाही मीच भरला. शनिवारी ओझरहून एक जोडपे गाडी बघायला येतो म्हणाले. दोन लाखांपर्यंत द्यायची त्यांची तयारी होती. मी त्यांना फोनवरच सांगितले की मी एकाला शब्द दिला आहे, येऊ नका. बायको म्हणाली, निदान बघून तर जाऊ देत. मी नाही म्हटले. शब्द दिल्यावर दुसऱ्याला दारात उभे करून भाव चढवायचा, हे मला पटत नाही.

रविवारी सकाळी गाडी धुतली, आरसी, विमा, पीयूसी सगळे टेबलावर काढून ठेवले. अकराला कोणी नाही. बाराला मी फोन केला तर "मुंबई नाक्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय, अर्ध्या तासात पोहोचतो" असे उत्तर आले. मी नाशिकमध्येच पाथर्डी फाट्याला राहतो. मुंबई नाक्यावरून माणूस पायी निघाला असता तरी जेवणाच्या वेळेला पोहोचला असता. दोननंतर फोन बंद. बहिणीकडे त्र्यंबकेश्वरला एक कार्यक्रम होता, आम्ही कोणीच गेलो नाही. संध्याकाळी बायकोने चहा दिला आणि काही बोलली नाही, तेव्हा मला जास्त वाईट वाटले. ओझरच्या जोडप्याला फोन केला, तर त्यांनी त्याच दिवशी दुसरी गाडी घेऊन टाकली होती.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याच गृहस्थाचा फोन. "गाडी आहे ना अजून? येतो उद्या. तेवढ्यातच ना?" रविवारचा उल्लेख नाही, चुकले म्हणणे तर दूरच. मी शांतपणे सांगितले, गाडी आहे, पण आता २ लाख १० हजार. त्यावर त्यांनी मला जे सुनावले ते कालच्या पत्रातल्या शब्दांशी इतके जुळते आहे की मला क्षणभर लेखक तेच असावेत असे वाटले. तुम्ही शब्दाचे पक्के नाही, तुमच्यासारख्यांमुळे व्यवहारावरचा विश्वास उडतो, वगैरे.

आता पत्रलेखकांनीच सांगावे, मी काय वाढवले? जाहिरातीतला भाव मी परत सांगितला. जी सूट रविवारी पूर्ण रक्कम आणण्यासाठी दिली होती, ती रविवार पाळला नाही म्हणून काढून घेतली. नंबरप्लेट आणि विमा त्यात धरलाही नाही. ज्याने आपल्या वाट्याचे केले नाही, त्याला माझ्या वाट्याचे मात्र तसेच हवे, यात शब्दाचा पक्केपणा कुठे आहे?

पत्रात कायद्याचाही दाखला आहे, म्हणून लिहितो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातले सहावे कलम सरळ आहे. प्रस्तावात स्वीकारण्यासाठी मुदत घातली असेल तर ती मुदत संपल्यावर प्रस्ताव रद्द होतो, आणि मुदत घातलेली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर. गृहस्थांनी गाडी घेतली नव्हती, बघून घेणार होते. रविवारची मुदत त्यांनीच ठरवली होती. ती उलटून गेल्यावर १ लाख ९५ हजारांचा भाव कायद्यानेही माझ्यावर बंधनकारक नव्हता. त्यांनी टोकन पाठवले असते आणि मी ते घेतले असते, तर गोष्ट वेगळी होती. मग मी एक रुपयाही वाढवू शकलो नसतो आणि वाढवलाही नसता.

भाव वाढवणे कधी चूक, तेही सांगतो, नाहीतर मी सगळ्याच विक्रेत्यांची वकिली करतो आहे असे वाटेल. माणूस सिन्नरहून, पिंपळगावहून भाडे खर्चून वेळेवर दारात आला आणि त्याची गरज बघून त्याला वाढीव भाव सांगितला, तर ते वाईटच. घरात मयत झाले, पोर आजारी पडले आणि त्याने वेळेत फोन करून कळवले, तर जुना भाव राहिला पाहिजे. मी तो ठेवला असता. आणि वाढवायचाच असेल तर गिऱ्हाईक घरून निघण्याआधी विक्रेत्याने फोनवर सांगितले पाहिजे. मी तसेच केले. न कळवता बुडी मारणारा आणि अडचणीत सापडलेला, हे दोघे कालच्या पत्राने एकाच रांगेत बसवले आहेत.

गाडी विकणाऱ्याला घाई का असते, हेही पत्रलेखकांना ठाऊक नसावे. गाडी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत जबाबदारी नोंदीतल्या मालकाची. विक्री झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवावे लागते, फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच घेतली जाईल, मग गाडी हातोहात कितीही पुढे गेलेली असो. म्हणून साधा माणूस कागद लगेच करणारे गिऱ्हाईक शोधतो आणि त्यासाठी पैसे सोडतो.

माझा मोठा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष करतो. एका हंगामात व्यापाऱ्याने बाग बघितली, गोडी तपासली, किलोमागे भाव ठरवला, तोडणीचा दिवस दिला. भावाने मजुरांची टोळी सांगितली, क्रेट लावले. व्यापारी आला नाही, कारण दोन दिवसांत बाजार खाली आला होता. नंतर फोन करून म्हणतो, पाच रुपये कमी करा, तर गाडी पाठवतो. आभाळ भरून आले होते. तयार मालावर पाऊस पडला की मणी तडकतात आणि मग कोणी विचारत नाही. भावाने कमी केले. तेव्हा त्या व्यापाऱ्याला लोभी म्हणणारे पत्र कुठे आले नाही, सगळे म्हणाले बाजार आहे, चालायचेच. पण बाजार चढला म्हणून न आलेल्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याने दोन रुपये जास्त सांगितले असते, तर गावभर बोभाटा झाला असता की हा माणूस बोलल्याला जागत नाही. नियम एकाच बाजूला का लागतो, याचे उत्तर मला कालच्या पत्रात हवे होते.

गाडी शेवटी नाशिकरोडच्या एका शिक्षिकेने २ लाख १० हजारांतच घेतली. सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी आल्या, आपल्या भावाकडून इंजिन तपासून घेतले, पैसे ऑनलाइन दिले. मी आपण होऊन त्यांना स्टेपनीचे नवे टायर घालून दिले.

जाता जाता एक गोष्ट आपल्या कार्यालयासाठी. माझ्या छोट्या जाहिरातीत मी 'एजंट क्षमस्व' असे लिहून दिले होते. छापताना ते दोन शब्द गळले, पैसे मात्र सगळ्या शब्दांचे घेतले गेले. परिणामी पहिल्या दिवशी आलेले बहुतेक फोन जुन्या गाड्यांच्या दलालांचे होते, आणि 'घरच्यासाठीच हवी आहे' असे सांगून बोलणारेही त्यांतलेच निघाले. काउंटरवर तक्रार केली तर जागेचा प्रश्न आहे असे उत्तर मिळाले. त्याच पानावर एका गृहप्रकल्पाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. दोन शब्दांचे पैसे मला परत नकोत. पुढच्या वाचकाचे शब्द तेवढे गाळू नका, आणि हे पत्र छापायचे झाल्यास द्राक्षांचा भाग कापू नका, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक
(नाव प्रसिद्ध करू नये)